गेलो तर सगळ्या

ड्रोन उडवायच्या आधी वावराच्या चारी धुऱ्यांवरून एक चक्कर मारावी लागते. हातात रिमोट धरायचा, कोपरा आला की बटन दाबायचं, पुढच्या कोपऱ्याकडं चालायचं. मशीनला मग समजतं की इथपर्यंत आपलं आणि इथून पुढं दुसऱ्याचं. धुरा म्हणजे बांध हो, आमच्याकडं धुराच म्हणतात. मी आतापर्यंत किती वावरं अशी चालले असेन देव जाणे, आणि मला ते एवढं आवडतं ना, बूट घालून, टोपी घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून चालायचं आणि मागं मागं गावातली लेकरं. पण परवा बापूकाकाच्या वावरात तिसऱ्या कोपऱ्यावर पोचले आणि बोट बटनावर तसंच राहिलं.

त्या कोपऱ्यात एक बाभळ आहे. तिच्या सावलीत बारा जणींच्या भाकरी सुटायच्या.

या वावराची हद्द मला मशीनला सांगावी लागते म्हणजे गंमतच आहे. मला डोळे बांधून सोडा, मी सांगते हराळी कुठल्या बाजूला, पाणी धरणारी चिबड जमीन कुठं, कालव्याचं पाणी झिरपून कुठल्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, पाय पिंडरीपर्यंत जातो. लांबणार आहे हे, आधीच सांगून ठेवते. मला थोडक्यात सांगता येत न्हाई.

तर माझी माय निंदणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. आमचं गाव कळमनुरीहून बाळापूरला जाताना रस्त्यापासून आत. पेरणी झाली की माणसं मायकडं यायची, सुमनबाई आमच्या सोयाबीनला कधी येता, सुमनबाई हळदीत लई गवत झालं. माय बोटांवर दिवस मोजायची आणि सांगायची. बारा बाया होत्या. मग नऊ झाल्या, मग सात. आता मायसकट चार राहिल्या होत्या, आणि चौघींना बोलावणारं वावर एकच राहिलं होतं, हे बापूकाकाचं. आणि या वर्षी काकाच्या पोरानं पुण्यात बसून मोबाईलवरून तणनाशकाची फवारणी बुक केली. ड्रोन आमच्या बचत गटाचं. उडवणारी मी.

माय रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पीठ मळता मळता तिनं माझ्याकडं न बघताच इचारलं, "त्या तिघींला तुझ्या संग घेती का? पाणी भरतील, औषध कालवतील. बसून काय करतील?" तिघी म्हणजे कमलमावशी, मुमताजचाची आणि छबूआत्या. मी म्हणलं, बघते. माझं हे 'बघते' मायनं 'व्हय' समजून घेतलं आणि भाकरी व्हायच्या आधीच तिघींच्या घरी जाऊन सांगून आली, पोरगी घेते म्हणली, उद्या सांगते किती वाजता ते.

म्हणजे परवा सकाळी मी त्या बाभळीखाली उभी होते तेव्हा गावात तीन बाया माझ्या उत्तराची वाट बघून राहिल्या होत्या.

मी आठवीपासून रविवारी टोळीत जायची. सुट्टी लागली की रोजच. पाणी द्यायला वगैरे न्हाई, माझी स्वतःची पात असायची. पात म्हणजे वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकीच्या वाट्याला आलेली तासं. बाराजणी एका रेषेत बसायच्या, खुरपं हातात, आणि सरकत सरकत जायच्या. मागून बघितलं तर बारा पाठी. एकाच वेळी बारा खुरप्यांचा आवाज कसा येतो माहिती का, पाऊस पत्र्यावर यायच्या आधी दोन चार थेंब पडतात ना, तसा, पण दिवसभर. त्यात बांगड्या. त्यात कोणाचं तरी चाललेलंच असायचं, सुनेचं, जावेचं, बाळापूरच्या बाजारात बघितलेल्या पातळाचं. एखादी बोलता बोलता मागं पडली की सगळ्या खुरपी हळू करायच्या. कोणी कोणाला सांगायचं न्हाई. आपोआप.

छबूआत्या सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात हळू. तिची पात निम्मी व्हायची तोवर आमच्या संपायच्या. मग माय समोरच्या टोकाकडून छबूआत्याच्याच पातीत बसायची आणि तिच्याकडं तोंड करून निंदत यायची. कधी कमलमावशी बी यायची. मधे कुठंतरी भेटायच्या. छबूआत्या दरवेळी म्हणायची, आता येतच होते की मी, तुमालाच दम न्हाई. आणि माय म्हणायची, व्हय आत्या, आमीच आगाव.

वास सांगू का. केना नावाचं गवत असतं, निळं फूल येतं त्याला, ते खुरप्याखाली चिरडलं की कच्च्या शेंगेसारखा वास सुटतो. ओल्या काळ्या मातीचा वेगळा, खुरप्याच्या लोखंडाचा वेगळा, आणि दुपारी बाभळीखाली बारा फडकी सुटली की ठेच्याचा, कांद्याचा, मुमताजचाचीच्या डब्यातल्या आंबट डाळीचा. चाचीच्या नवऱ्याचं गावात शिलाईचं दुकान होतं, त्यामुळं तिच्या फडक्यांना चारी बाजूंनी मस्त शिलाई असायची आणि बाकीच्या सगळ्या त्यावरून तिला चिडवायच्या, की चाचीची भाकर बी कोट घालून येती. चाची म्हणायची, तुमच्या भाकरीला बी शिवून देते, आधी तिला गोल तर करा.

मी नववीत असताना कमलमावशीकडं पहिला मोबाईल आला. टोळीतला पहिला. बटनांचा. तिचा पोरगा पुण्याला कंपनीत लागला होता, त्यानं पाठवलेला. ती तो कापडाच्या पिशवीत घालून गळ्यात बांधायची आणि वावरात तो वाजला की बाराच्या बारा खुरपी थांबायची. एवढी शांतता मी वावरात दुसऱ्या कशानं झालेली बघितली न्हाई. मावशी ओरडून बोलायची, कारण पुणं लांब आहे ना, आणि आमी सगळ्या तिच्या पोराचं बोलणं ऐकायला पुढं वाकायचो. त्यानं जेवलो म्हणलं की बाराजणींना बरं वाटायचं. खरं सांगते.

संध्याकाळी घरी येताना कोणीच रिकामी नसायची. निंदतानाच भाजी निराळी काढत जायचं, तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर. पदराच्या ओच्यात बांधायचं. आमच्या गल्लीत श्रावणापर्यंत दर घरातून त्याच भाज्यांचा, लसूण टाकलेला वास यायचा, एकाच वेळी, दिवे लागायच्या टायमाला. ती भाजी कोणी पेरली नव्हती. इकत बी मिळत नव्हती. त्या भाजीला आमी गवतच समजायचो, चांगलं गवत.

आता मायच्या नियमाचं सांगायला पाहिजे, न्हाई तर पुढचं कळणार न्हाई.

मायचा नियम असा होता की गेलो तर सगळ्या. कोणी म्हणलं सुमनबाई, माझं वावर लहान, पाच बाया बस झाल्या, की माय म्हणायची पाच येत न्हाईत, बारा येतील, मजुरी पाचजणींचीच द्या, आमी वाटून घेऊ, दुपारपर्यंत उरकून जाऊ. लोकांना बराबर वाटायचं. तेवढ्याच पैशात अर्ध्या दिवसात वावर साफ. आमच्या वाट्याला थोडं थोडं यायचं, पण बाराही यायच्या. मला तेव्हा ते काही पटायचं न्हाई. मी नववीत एकदा इचारलं बी, काहून गं, ज्या चांगल्या निंदतात त्या पाचच का न्हाई नेत? कमलमावशी बाजूला होती, ती हसली. मायनं खुरप्याची माती काढली आणि म्हणाली, "पाच नेल्या की सात घरी बसून त्या पाचींला नावं ठेवतात. मग टोळी राहत न्हाई, बाया राहतात."

एवढंच. मायला भाषण येत न्हाई.

पण त्याच नियमानं नंतर घात बी केला. पुढं पुढं माणसं म्हणायला लागली, मला दोनच बाया पाहिजेत गं, औषधातून राहिलेलं उपटायला. माय म्हणायची, आमी नऊजणी येतो. माणसं म्हणायची, नऊ जणींचा गलका कोण सांभाळील, राहू द्या. आणि दुसऱ्या गावातून दोन बाया बोलवायची. मायला ते दिसत होतं. तिनं नियम सोडला न्हाई.

औषध. तणनाशकाला सगळे नुसतं औषधच म्हणतात. पहिल्यांदा ते आमच्या शिवारात आलं तेव्हा मी अकरावीत होते. वास गोडसर, आजारी. घशात बसतो. आणि तीन चार दिवसांनी गवत पिवळं पडत जातं, उभ्याउभ्या, मुळासकट जमिनीतच. उपटलेलं गवत धुऱ्यावर वाळतं त्याचा वास चांगला असतो, पण हे जागेवर मेलेलं गवत कसलाच वास देत न्हाई. आमी बाया रस्त्यानं जाताना ते पिवळं वावर बघितलं. छबूआत्या म्हणाली, यात पाथरी बी मेली असंल की.

आता एक गोष्ट सांगते. ही मी कोणालाच सांगितलेली न्हाई, मायला न्हाई, बाबाला तर न्हाईच.

बाबा तेव्हा फवारणीच्या कामाला जायचे. पाठीवरचा पंप आमचा स्वतःचा होता. म्हणजे बघा, घरात माय खुरपं घेऊन निघायची आणि बाबा पंप घेऊन, आणि दोघं चहा एकाच किटलीतून प्यायचे. एक दिवस बाबा कोणाच्या तरी उसात तणनाशक मारून आले आणि पंप माझ्यापुढं ठेवून म्हणाले, चार पाण्यानं धू, सोडा टाकून धू, उद्या कापसाला फवारायचंय. मी एका पाण्यानं धुतला. मैत्रिणीच्या भावानं नवा मोबाईल आणला होता, समोरून फोटो निघणारा, आणि सगळ्या पोरी तिच्या अंगणात जमल्या होत्या. मला तिकडं पळायचं होतं. पळाले. फोटो बी निघाला, त्यात माझे हात ओले दिसतात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याच पंपानं बापूकाकाच्या कापसावर किडीचं औषध मारलं.

आठ दहा दिवसांनी कापसाची नवी पानं आली ती चिंचोळी. लांबुळकी. म्हाताऱ्या माणसाची बोटं आखडतात ना, तशी. अख्खं वावर हात आखडून उभं होतं. गाव बघायला आलं. कोणी म्हणलं औषध हवेतून आलं, कोणी म्हणलं जमिनीतून सरकत आलं, उसाच्या वावरातून धुरा ओलांडून. पंपाचं कोणी काढलंच न्हाई. मी गर्दीत उभी होते आणि मला समजलं होतं, शाळेत असलं काही शिकवलं नव्हतं पण मला बराबर समजलं होतं.

बापूकाका तिथंच सगळ्यांच्या देखत म्हणाला, माझ्या धुऱ्याच्या आत ते तणनाशक आता येणार न्हाई, सुमनबाई, तुमच्या बाया घेऊन या. आणि त्याचं बघून बाकीचे बी भ्याले. दोन हंगाम. पूर्ण दोन हंगाम टोळीला एक दिवस सुट्टी नव्हती. बाया नऊ उरल्या होत्या त्या परत अकरा झाल्या. कमलमावशी म्हणायची, देव आहे बाप्पा, बघून राहिला वरून. मुमताजचाचीनं नवऱ्याकडून सगळ्यांच्या फडक्यांना शिलाई मारून आणून दिली. बाभळीखाली असं हसायच्या की बैलं मान वर करायची. मी त्यांच्यात बसून हसत होते आणि मला ठाऊक होतं की हे सगळं माझ्या एका पाण्यानं आलेलं आहे.

आणि बाबाला त्यानंतर फवारणीला कोणी बोलावलं न्हाई. थेट कोणी काही म्हणलं न्हाई, पण बोलावलं न्हाई. त्यांनी पंप स्वतः परत धुतला, किती तरी वेळ धुतला, आणि खुंटीला लावला. मग हिंगोलीला एका जिनिंगवर जायला लागले, आठवड्यातून एकदा घरी, दाढीत कापूस. मला कधी काही इचारलं न्हाई. मी ताट वाढताना ते माझ्या हातांकडं बघायचे असं मला वाटायचं. वाटायचंच कदाचित.

ती दोन वर्षं सगळ्यात सुखाची होती. आता असं लिहिलं की कसं तरी होतं, पण होती.

मग भीती गेली. लोकांची भीती दोन वर्षंच टिकते. नवीन औषध आलं, दुकानदार समजावून सांगायला लागला, व्हॉट्सअॅपवर शेतकऱ्यांचे ग्रुप झाले, कोणतं कशात मारायचं त्याचे व्हिडिओ आले. टोळीतून एक एक बाई अशी गेली की गेलेली कळली बी न्हाई. कोणी पोराकडं पुण्याला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडंच राहिली, कोणी घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, तर दारात बसली. हातात मोबाईल. आता सगळ्यांकडं मोठे मोबाईल आहेत, कमलमावशीकडं बी. एकाच गल्लीत चार दारात चार बाया बसलेल्या असतात आणि चार मोबाईलचे चार आवाज येतात, एकमेकीत मिसळत न्हाईत.

आणि मी बारावी झाले, कॉलेज अर्धं झालं, बचत गटाला ड्रोन मिळालं, शिकायला कोण जाणार म्हणलं तर मी पहिला हात वर केला. मला मशीनचं पहिल्यापासून वेड आहे ना. नांदेडला शिकले. पहिल्यांदा ते हवेत उचललं तेव्हा मी रडले, आनंदानं, बाकीच्या पोरी हसल्या. मायला व्हिडिओ पाठवला. तिनं तो आल्या गेल्या सगळ्यांना दाखवला, या तिघींना तर इतक्या वेळा दाखवला की मुमताजचाची म्हणाली, सुमन, अब तो हमकू बी उडाना आ गया.

तर परवा. मी चौथ्या कोपऱ्याचं बटन दाबलं. टेम्पोवाले दादा, म्हणजे आमचा ड्रायव्हर, तेच पाणी बी भरतात आणि औषध बी कालवतात, त्यांनी टाकी भरून दिली. मी टाकी तीनदा तपासते, आदल्या दिवशी धुतलेली असली तरी परत धुवून घेते, दादा वैतागतात. वारं नव्हतं. ड्रोन उठलं, पंख्याचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजात दुसरं काही म्हणजे काहीच ऐकू येत न्हाई. सोयाबीन पंख्यांच्या वाऱ्यानं दबत गेलं, एक पट्टा, वळण, दुसरा पट्टा. एका एकराला आठ मिनिटं. बाभळीपाशी ते जरा उंच झालं, अडथळा ओळखून, आणि परत खाली आलं.

टोळीला या वावराला चार दिवस लागायचे. साडेनऊला आमी सामान भरत होतो.

दादांना मी इचारलं, दादा, पाणी भरायला माणसं घेतली तर? तीनजणी आहेत. दादा हसले. म्हणाले, तीन बाया काय करतील ताई, पाणी प्यायला येतील का? मग माझं तोंड बघून म्हणाले, एखादी मावशी चालंल खरं, माझी कंबर गेली कॅन उचलून, तिचा रोज आपण दोघं मिळून काढू. पण एकच. समोरच्या सीटवर जागाच एकीची आहे.

मला एवढा आनंद झाला. एक तर एक, निदान एक. येताना रस्ताभर मी ठरवत आले की कमलमावशीला घेऊ, तिचे हात चांगले आहेत, पोराचा फोन आता महिना महिना येत न्हाई, तिला घरातून बाहेर पडायला पाहिजे. छबूआत्याला तसं बी झेपणार न्हाई. मुमताजचाचीला घरी शिलाईचं थोडं तरी आहे. बघा, मी कशी परत चांगली तेवढीच निवडून राहिले होते, नववीत मायला इचारलं होतं तसं.

मायला सांगितलं. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती.

"एकीची जागा आहे," मी म्हणलं. "कमलमावशीला घेते."

तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "न्हाई."

"अगं पण एकीचं तर होईल ना."

"मग दोघींनी तिच्या तोंडाकडं बघत दारात बसायचं का?"

मी लई बोलले. एवढं बोलले की शेजारची बाई डोकावून गेली. आता टोळीच कुठं राहिली, मी म्हणलं, चार बायांची टोळी असती का, तुझ्या या नियमापायी एका बाईचा रोज जाऊन राहिला. तुला काय, तुझी पोरगी कमावते. हे म्हणायला नको होतं. मायनं सुपाला थाप मारली, कोंडा उडाला, परत थाप मारली.

"मी त्यांला तिघींचं सांगून आले," ती म्हणाली. "आता एकीचं सांगायला माझं तोंड चालत न्हाई. तिघींला न्हाई म्हणायचं असंल तर तू जा आणि सांग. पण एकीचं काढू नको. तिथं एकीचं काम आहे हे त्यांला कळू देऊ नको."

दिवे लागायच्या टायमाला मी निघाले. छबूआत्याचं घर आधी. ती खाटेवर पाय चोळत बसली होती. मी सांगितलं की त्या कामाला माणसंच लागत न्हाईत. ती म्हणाली, बरं झालं माय, मला त्या विमानाची भीतीच वाटून राहिली होती, आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मुमताजचाचीनं शिलाईच्या मशीनवरून मान वर केली. "हवाईजहाज में हमकू जागा नै क्या," एवढं म्हणाली, चष्मा पुसला, आणि चाक परत फिरवलं. आवाज माझ्या मागं गल्लीच्या वळणापर्यंत येत राहिला.

कमलमावशीचं घर शेवटचं, शाळेच्या मागं. अंगणात दोरीवर तिच्या पोराचा जुना फुलबाह्यांचा शर्ट वाळत होता, नुकताच धुतलेला, खालून थेंब पडून राहिले होते. बाया वावरात जाताना लुगड्यावरून असा शर्ट घालतात, पानांनी हात कापू नयेत म्हणून. मावशीनं तो आजच काढून धुतला होता.

मला बघून ती दारातून उठलीच. "उद्या किती वाजता गं? मी तर सहालाच तयार राहते."

मी दोघींना सांगितलं तेच सांगितलं. पाठ झालं होतं तोवर. मावशी, त्या कामाला माणसं लागत न्हाईत, मी इचारून बघितलं, मशीनच सगळं करतं.

मग तिनं गल्लीत एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि माझ्या जवळ आली. एवढी जवळ की तिच्या तोंडाचा सुपारीचा वास आला. आवाज अगदी खाली.

"तिघींचं नसंल," ती म्हणाली. "एकीचं तर असंल ना?"

टेम्पोतली समोरची सीट डोळ्यापुढं आली, रिकामी. मावशी तशीच माझ्याकडं बघत होती. मी तिला एवढ्या वर्षांत कधी हळू आवाजात बोलताना ऐकलेलं नव्हतं.

"न्हाई मावशी. एकीचं बी न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

मग दोरीकडं गेली आणि शर्ट ओढून घेतला. ओलाच होता. तिनं बाह्या आत घेतल्या, कॉलर सरळ केली, आणि तळहातानं दाबून दाबून त्याची घडी घातली. पाणी तिच्या कोपरावरून पायांवर गळत होतं.